पहिली ते चौथीला संगीत: तासाला नक्की काय घेता?

मधली_सुट्टी | 3 जुलै, रात्री 9:52

नमस्कार मंडळी.

आमच्या विदर्भात शाळा आत्ता कुठे उघडल्या आहेत आणि उघडल्या उघडल्या माझ्या वेळापत्रकात पहिली ते चौथीच्या संगीताच्या तासिका येऊन पडल्या. संगीताचे सर निवृत्त झाले, जागा भरली नाही. "मॅडम, तुम्हाला पेटी येते ना? मग झालं तर!" एवढ्यावर विषय मिटला. पेटी येते म्हणजे लहानपणी नागपूरच्या महाल भागात क्लासला जायची आणि प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या, इतकंच. बी.एड.ला मुख्य विषय मराठी.

परिस्थिती अशी. पस्तीस मिनिटांची तासिका, एका वर्गात पन्नासच्या आसपास मुलं, वेगळी खोली नाही. पेटी आहे, तबल्याचा डग्गा फुटलेला आहे. भिंतीपलीकडे गणित चालू असतं. मुख्याध्यापकांची अपेक्षा: पंधरा ऑगस्टला समूहगीत आणि डिसेंबरात गॅदरिंग.

आजवरची रीत म्हणजे "चांगल्या आवाजाची" आठ-दहा मुलं निवडायची, त्यांना गाणं बसवून द्यायचं आणि बाकीच्यांनी हाताची घडी, तोंडावर बोट. मला ते करायचं नाही. उरलेल्या चाळीस जणांचाही तो तास आहे. त्यातलं कुणी गायक होणार नाही हे मलाही कळतं, पण चौथीतून बाहेर पडताना प्रत्येकाला ठेका धरता यावा, एक ओळ सुरात म्हणता यावी. हे जमतं का? जमत असेल तर सुरुवात कुठून करता?

---

चहाबाज | 3 जुलै, रात्री 10:15

आधी गणिताच्या मॅडमशी दोस्ती करा. सूर-ताल मागून येतील.

(हलके घ्या. पण खरंच करा.)

---

काळी_दोन | 4 जुलै, सकाळी 6:40

मधली_सुट्टी ताई, धागा काढलात ते बरं केलं. मी धंतोलीजवळच्या एका शाळेत संगीत शिकवायचो, आता निवृत्त आहे. बाकी सगळं नंतर, आधी पट्टी बघा, म्हणजे सा पेटीच्या कुठल्या पट्टीवर धरता ते. पन्नास मुलं बेसूर गातात म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या दहा शाळांपैकी नऊ शाळांत दोष पट्टीचा असतो.

तुम्ही स्वतः कुठल्या पट्टीत गाता? बायकांचा सा साधारण पांढरी पाच ते काळी पाचच्या दरम्यान असतो (पेटीच्या पांढऱ्या आणि काळ्या पट्ट्या प्रत्येक सप्तकात डावीकडून वेगवेगळ्या मोजायच्या), आणि तोही मधल्या पांढरी एकच्या खालचा. तुम्ही काळी चारला सा धरून गाणं सांगितलंत की पहिली-दुसरीच्या मुलाला तो सा फार खाली पडतो. मूल तिथे गात नाही, नुसतं घोगऱ्या आवाजात बोलतं. मग तुम्ही म्हणता "मोठ्याने म्हणा", की ते ओरडतं. झालं, बेसूर म्हणून शिक्का बसला.

या वयाच्या मुलांचा आवाज मधल्या पांढरी एकपासून वर पांढरी सहापर्यंत सुखाने फिरतो. मुलगा-मुलगी असा फरक या वयात नसतो. म्हणून सा धरा पांढरी एक, फार तर काळी दोन, आणि गाणी अशी निवडा की चाल बहुतेक सा ते ध मध्येच राहील. तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला, एखाद्या ठिकाणी आला तर चालतो, तिथेच मुक्काम नको.

परिपाठाचंच बघा. राष्ट्रगीताची चाल खाली मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या, नीपर्यंत उतरते आणि "जय हे"ला तार साला भिडते. सप्तकाहून जास्त पल्ला झाला. पांढरी एकला सुरू केलं तर मुलं सगळं झेपवतात. वरच्या काळी चारला सुरू केलं की शेवटी किंकाळ्या. उद्याच करून बघा, खर्च शून्य.

पुरुष शिक्षकांची भानगड वेगळी. माझा सा काळी एक, मुलं एक सप्तक वर गायची. तरी पहिलीची काही पोरं माझ्या आवाजामागे खाली यायला बघत. मी ओळ आधी पेटीवर त्यांच्या सप्तकात वाजवायचो किंवा चौथीतल्या एखाद्या मुलीकडून म्हणवून घ्यायचो. पोरं पोरांचा आवाज चटकन उचलतात.

---

तानपुरेवाला | 4 जुलै, सकाळी 11:20

पट्टीबद्दल सहमत. पण मुळात पेटी कशाला? पेटीचे स्वर समान अंतरावर बांधलेले, त्यात ना खरा गंधार ना खरा धैवत. आकाशवाणीने 1940 ते 1971 पेटीवर बंदी ठेवली होती ती उगीच नाही. मोबाइलवर तानपुरा लावा आणि पहिलं वर्षभर नुसते सा-रे-ग-म आणि अलंकार, म्हणजे स्वरांचे ठरलेले सराव, घ्या. पाया पक्का झाल्याशिवाय गाणी देऊ नका. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि वर्गात बसवून शिस्तीत संगीत शिकवता येतं हे दाखवून दिलं. ती शिस्त शाळेत का नको?

---

चहाबाज | 4 जुलै, सकाळी 11:34

सहा वर्षांच्या पन्नास पोरांना वर्षभर अलंकार? मालक, तुम्ही पहिलीच्या वर्गात शेवटचे कधी गेला होता?

---

काळी_दोन | 4 जुलै, दुपारी 3:05

तानपुरेवाले, पेटीच्या गंधाराचं तुमचं म्हणणं शास्त्राला धरून आहे, वाद नाही. पण वर पंखा घरघरतोय, शेजारी पाढे चाललेत, खाली रस्त्यावर ऑटोवाला हॉर्न मारतोय, तिथे मोबाइलचा तानपुरा पहिल्या बाकालाही ऐकू जात नाही. पेटी शेवटच्या बाकापर्यंत पोचते. फक्त ताईंनी गाण्याबरोबर सतत वाजवत बसू नये. सूर द्यावा, ओळ एकदा वाजवावी आणि हात काढून घ्यावा. पेटी चालू राहिली की मुलं तिच्या आड लपतात, ती गातात की नाही हेच कळत नाही.

विष्णु दिगंबरांकडे जी मंडळी गेली ती गाणं शिकायला म्हणूनच गेली. आपल्या वर्गात मूल आलेलं असतं ते तिसरी 'ब'चं आहे म्हणून.

---

वऱ्हाडी_ठेचा | 4 जुलै, रात्री 8:48

ताई, काहून टेन्शन घेऊन राहिल्या? आमची जि.प. शाळा उमरेडच्या पुढं. पेटी नाई, तबला नाई, दोन मास्तर अन् चार वर्ग. पण खंजिरी हाय. राष्ट्रसंतांच्या मुलखात खंजिरी नसंल असं गाव सापडाचं नाई. तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर गावंच्या गावं गायला लावली, त पन्नास पोट्टे काय चीज हाय!

मी सुरवात तालापासून करतो, अन् तेबी खाण्यापासून. फळ्यावर लिवतो:

तर्-री-पो-हे-सन्-त्रा-बर्-फी

आठ मात्रे. "तर्"वर टाळी, "सन्"वर खाली, म्हंजे हात हवेत. झाला केरवा. मंग दुसरं:

क-चो-री-स-मो-सा

सहा मात्रे. "क"वर टाळी, "स"वर खाली. झाला दादरा. ताल, मात्रा, सम हे शब्द मी महिनाभर काढतच नाई. पोट्टे व्हरांड्यात चालता चालता म्हणतात: पायात मात्रा, हातात टाळी, तोंडात कचोरी. हे तिन्ही संगं जमलं की अर्ध्या लोकांच्या हाती खंजिरी, काठ्या, रिकामे डबे अन् अर्धे म्हणणारे. मंग आदलाबदल.

एकच सांगतो, लय धावते. पोट्टे दर फेरीला पळवतातच. त्यायले हळू हळू म्हणून बोंबलू नका. त्यायची सवताची चाल आपल्याहून जलदच असते, म्हणून सुरवातीलेच थोडं जलद घ्या. लई संथ घेतलं त त्यायले मधली जागा धरताच येत नाई.

---

मधली_सुट्टी | 4 जुलै, रात्री 9:30

ठेचा भाऊ, कचोरी-समोसा उद्याच घेते. डबा खायच्या सुट्टीआधीचा तास आहे, पोरं मला खाऊन टाकतील :)

काळी_दोन सर, माझा सा काळी चारच आहे. पांढरी एकला गाताना मलाच खाली-वर शोधावं लागेल, पण बघते.

ज्यांचा आवाज काहीही वाजवलं तरी एकाच जागी राहतो, त्या मुलांचं काय करायचं? तिसरीत असे पाच-सहा आहेत. एकाला तर पहिलीपासून सांगून ठेवलंय की तू फक्त ओठ हलव.

---

सप्तपर्णी | 5 जुलै, सकाळी 10:10

"फक्त ओठ हलव" हे वाक्य शाळांतून हद्दपार व्हायला हवं. मी मूळची प्रतापनगरची, आता बंगळुरात, लहान मुलांना संगीत शिकवणं हेच काम. सुरांचा फरक जन्मतःच कळत नाही अशी माणसं असतात, पण फार थोडी. तुमच्या वर्गातल्या त्या पाच-सहा जणांना बहुधा गाण्याचा आवाज अजून सापडलेला नाही. ते बोलण्याच्याच आवाजात गातात.

आधी वर्गाला चार आवाज दाखवा: बोलायचा, कुजबुजायचा, हाक मारायचा आणि गायचा. एकच वाक्य, "मला भूक लागली", चारही आवाजांत. मुलांना याची इतकी मजा येते की तास तिथेच संपू शकतो. मग आवाज सरकवायचे खेळ. नागपूरच्या पोरांना संक्रांतीची "ओऽऽ काट!" आठवण करून द्या. ती हाक कुठून निघते, कुठवर चढते ते बोटाने हवेत काढायला सांगा. मग पतंग वर गेला, गोता खाल्ला, पुन्हा चढला, सगळं "ऊऽऽ" करत. जो मुलगा एकाच सुरावर अडकलाय म्हणता, त्याचा आवाज इथे बिनबोभाट वर जातो. तो वर जातो हे त्याला स्वतःला ऐकू येणं, तिथून पुढचं सोपं होतं.

दुसरं, तुमचा सूर त्याने पकडायची वाट बघू नका. तो जिथे आहे तो सूर आधी तुम्ही पकडा, त्याच्याबरोबर गा, "जुळलं" म्हणा, आणि तिथून एक स्वर वर न्या. उलट दिशेने जा म्हणजे झालं.

आणि हजेरी गाऊन घ्या. प-ग एवढेच दोन स्वर. तुम्ही मुलाचं नाव प-ग वर म्हणायचं, त्याने "हजर" त्याच दोन स्वरांत. उतरत्या प-गची ही जोडी मुलांच्या तोंडात आधीच असते, ती अंगणात एकमेकांना चिडवतात तेव्हाही बरेचदा हीच येते. हंगेरीच्या झोल्तान कोदाय (1882-1967) यांच्या पद्धतीत सुरुवात इथूनच होते. स्वरासाठी हाताची खूणही असते, ती मुळात इंग्लंडच्या जॉन कर्वेनने रूढ केली. तुम्ही खुणा शिकायला जाऊ नका. सा पोटाशी, ग छातीशी, प डोळ्यांसमोर, तार सा डोक्यावर, एवढी हाताची उंची पुरते.

हजेरीचा खरा फायदा म्हणजे प्रत्येक मूल एकट्याने, दोन सेकंद, कुणाचं लक्ष न वेधता गातं. तुम्हाला पन्नास जणांचा अंदाज येतो आणि तासातली तीन-चार मिनिटंच जातात. एखाद्याने नुसतं "हजर" म्हटलं तर मान डोलवा आणि पुढे जा. थांबलात की त्याच्यासाठी ती परीक्षा झाली.

तानपुरेवाले काका, सरगम हवीच. पण आधी गाणं अंगात मुरू द्या आणि मग त्याच गाण्यातून सरगम काढा. माहीत असलेल्या चालीला स्वरांची नावं मिळाली की मुलांना गुपित कळल्यासारखं होतं. नुसत्या नावांपासून सुरू केलं तर ती पाढ्यांसारखी पाठ होतात आणि कानाला पत्ता नसतो.

---

तानपुरेवाला | 5 जुलै, दुपारी 1:15

शेवटच्या परिच्छेदावर विचार करतो. हजेरीची कल्पना आवडली. पेटीबद्दल मत कायम.

---

इतवारीकर | 6 जुलै, सकाळी 9:05

पालक म्हणून विचारतो. मुलगी तिसरीत आहे, तिला प्रारंभिकच्या परीक्षेला बसवू का? शिवाय घराजवळ कीबोर्डचा क्लास निघालाय, सगळी सोसायटी तिकडे जाते. आणि शाळेत संगीताच्या तासाला चाचणी आली की गणित घेतात, त्याचं काय करावं?

---

काळी_दोन | 6 जुलै, सकाळी 9:50

परीक्षेची घाई नको. ती स्वतःहून गुणगुणते का, गाणं पुन्हा ऐकायला मागते का ते बघा. मागत असेल तर चांगला गुरू शोधा, परीक्षा त्यांच्या सल्ल्याने. कीबोर्डला हरकत नाही, फक्त त्यातले आयते ठेके बंद करून वाजवायला सांगा.

तासाला गणित घेतात याला माझ्याकडे औषध नाही. नोकरीत असताना मीही ऐकून घेतलंय, "सर, तुमचं काय, नंतर घेता येईल." पालकसभेत चार पालकांनी विचारलं की फरक पडतो, शिक्षकाने विचारून नाही.

मधली_सुट्टी ताईंसाठी पेटीची एक गंमत. मुलांना पेटीला हात लावू देत नाहीत, कारण काहीही दाबलं की कलकलाट होतो. नियम करा: फक्त काळ्या पट्ट्या. भाता तुम्ही मारा. काळ्या पट्ट्या सप्तकात पाचच, कशाही दाबल्या तरी कानाला खुपत नाहीत. मूल दाबेल ते गाणं वाटतं. आता खरी गंमत. काळी तीनला सा मानून चढा, भूप मिळतो. त्याच पट्ट्या, पण सा काळी एकला माना, दुर्गा. काळी पाचला माना, मालकंस. पट्ट्या तेवढ्याच, घर बदललं की राग बदलतो. चौथीच्या मुलांना रागांची नावं सांगायची गरज नाही. एकाने खाली काळी तीन धरून ठेवायची, दुसऱ्याने वर काहीही वाजवायचं. मग धरलेली पट्टी काळी पाच करायची. "आता कसं वाटलं?" विचारा. उत्तरं ऐकण्यासारखी असतात.

---

सप्तपर्णी | 6 जुलै, सकाळी 11:00

वा सर! वाखु (वाचनखूण) साठवली.

---

चहाबाज | 6 जुलै, सकाळी 11:12

मी आत्ता पेटी काढून करून बघितलं. बायको विचारते, रविवारी सकाळी रात्रीचा मालकंस कोण वाजवतं.

---

मधली_सुट्टी | 19 ऑगस्ट, रात्री 10:05

मंडळी, मधे गायब होते, पंधरा ऑगस्टची धावपळ. आता हकीकत.

राष्ट्रगीत पांढरी एकला आणलं. दोन दिवस बाकीच्या शिक्षिका कुरकुरल्या, त्यांना खाली जात होतं. मुलांना मात्र "जय हे"ला मानेच्या शिरा ताणाव्या लागल्या नाहीत. राज्यगीताची तीच गत. 2023 मध्ये ते राज्यगीत झाल्यापासून परिपाठात रेकॉर्ड लावायची आणि मुलांनी वरून ओरडायचं असं चाललं होतं. ते लिहिणारे राजा बढे आपल्या नागपूरचे, तेव्हा इथे तरी ते नीट म्हटलं जावं म्हणून मी रेकॉर्ड बंद करून पट्टी खाली घेतली आणि आठवडाभर एकेक ओळ घेतली. समूहगीताला मात्र हार मानायची नव्हती: तिसरी-चौथीची सगळी मुलं उभी केली. मुख्याध्यापक म्हणाले, "एवढे कशाला? आवाज फाटेल." फाटला नाही. अर्धी मुलं गायली, अर्ध्यांनी खंजिरी, झांजा आणि काठ्यांवर केरवा धरला, दुसऱ्या कडव्याला अदलाबदल. लय पळाली, ठेचा भाऊ म्हणाले तशीच, पण सगळी मिळून पळाली.

हजेरी तर आता मुलंच मागतात. "ओठ हलव"वाला मुलगा सुरुवातीला नुसतं "हजर" म्हणायचा. मान डोलवून पुढे जात राहिले. परवा त्याने प-ग म्हटलं, चक्क माझ्यापेक्षा वर, पण दोन स्वरांतलं अंतर बरोबर! मी त्याच्याच सुरात पुढचं नाव घेतलं. अख्ख्या रांगेने मग त्याच्या पट्टीत हजेरी दिली. त्याच्या काही लक्षात आलं नाही, तो दप्तराच्या चेनशी खेळत होता.

चौथीला पाण्याचे ग्लास घेतले. काच नको म्हणून स्टीलचे, पेन्सिलीने वाजवायचे. पाणी वाढवलं की स्वर खाली जातो हे लगेच कळलं. तेवढ्यात एकीने पाण्याच्या बाटलीत फुंकलं आणि ओरडली, "मॅडम, हिचं उलटं होते!" बरोबरच होतं, फुंकल्यावर पाणी वाढवलं की स्वर वर जातो. ग्लासात भांडं आणि पाणी मिळून थरथरतं, पाणी वाढलं की ते थरथरणं मंदावतं. बाटलीत वाजते ती वरची हवा, तिची जागा कमी झाली की स्वर चढतो. हे मी फळ्यावर सांगितलं खरं, पण तोवर वर्गात दोन पक्ष पडले होते आणि तास संपल्यावरही व्हरांड्यात भांडण चालू होतं. गणिताच्या मॅडम बाहेर आल्या. दोस्ती केलेली कामी आली, चहाबाज.

जमत नाहीये ते पहिलीचं. पस्तीस मिनिटं फार होतात, वीस मिनिटांनंतर सगळी बाकाखाली.

---

सप्तपर्णी | 20 ऑगस्ट, सकाळी 8:30

पहिलीला एका कामाला पाच मिनिटांच्या वर देऊ नका. हजेरी, मग चालणं, मग गाणं, मग ऐकणं. ऐकणं म्हणजे डोळे मिटून वर्गाबाहेरचे आवाज मोजणं, हेही संगीतच. कुणी कानांवर हात ठेवत असेल तर त्याला खंजिरीपासून लांब, दाराजवळ बसवा. काहींना तो आवाज खरंच सोसत नाही.

---

वऱ्हाडी_ठेचा | 20 ऑगस्ट, रात्री 9:10

अन् आता पोळा येऊन राहिला. तान्ह्या पोळ्याले पोट्टे लाकडी बैल घेऊन येतात, त्यायले झडत्या, म्हंजे पोळ्याच्या यमकाच्या ओळी, म्हणायले सांगा. घरी आजा-आजीले विचारून आणा म्हणा. दुसरीकडचं गाणं कशाले शोधता, मारबतीच्या (पोळ्याच्या येळच्या मिरवणुकीतल्या पुतळ्याच्या) मागं "घेऊन जा गे मारबत" ओरडत जाते तो जमाव पक्क्या ठेक्यात ओरडते. अन् भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाईचे गाणे हायेच. ते गाणे चार-पाच सुरांतच फिरतात, एक ओळ म्हटली की दुसरी आपसूक येते. सा ते ध, काळी_दोन सर म्हणतात थेच.

---

काळी_दोन | 20 ऑगस्ट, रात्री 9:45

ठेचा भाऊ, शंभर टक्के. भुलाबाईची गाणी पूर्वी शाळेत फक्त मुलींकडून म्हणवत. मुलांनाही घ्या, गाणी सगळ्यांची आहेत आणि खिरापत ओळखायला मुलंच पुढे असतात.

---

मधली_सुट्टी | 26 सप्टेंबर, रात्री 9:20

भुलाबाई मस्त चाललीय. मुलांच्या घरून तीन वेगवेगळ्या चाली आल्या, एक तर हिंदी-मराठी मिसळ. तिन्ही घेतल्या. गॅदरिंगसाठी पालकांच्या ग्रुपवर सिनेमाच्या गाण्यांची यादी फिरतेय, त्यावर नंतर वेगळा धागा काढावा लागेल.

आत्ता तातडीचं: पेटीची मधली काळी चार दाबली की वर येत नाही, सूर वाजतच राहतो. काळ्या पट्ट्यांचा खेळ बंद पडलाय. दुकानात न्यावी लागेल का?

---

काळी_दोन | 26 सप्टेंबर, रात्री 9:38

पावसाळ्यात लाकूड फुगून पट्टी अडकते. पॉलिश पेपर अजिबात मारू नका, ओल उतरली की फट वाढेल आणि पट्टी खुळखुळेल. पेटी भिंतीपासून दूर, कोरड्या जागी झाकण उघडून दोन दिवस ठेवा. तरी नाही सुटली तर पट्टीखालची स्प्रिंग सरकली असेल. तोवर खेळ चालू ठेवा: काळी चार वगळली तरी चार स्वर उरतात, पोरांना चालतात. सोमवारी सक्करदऱ्याकडे येणं आहे, शाळा सुटायच्या वेळेला येऊन बघून जाईन.